सात वर्षांचा पुरावा

"यात तुमचं नाव कुठंय?" बाविस्करांनी विचारलं.

जिल्हा न्यायालयाच्या प्रशासकीय कार्यालयात मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. बसायला खुर्ची होती, पण तिच्यावर फायलींचा ढीग होता. बाविस्कर तिथले अधीक्षक. नोटरीसाठी आलेले अर्ज त्यांच्या हाताखालून पुढे जायचे. आमच्या वरुडगाव तालुक्याची नोटरीची जागा वर्षभर रिकामी होती. साध्या प्रतिज्ञापत्रासाठी लोकांना दीड तास एसटीने जिल्ह्याला यावं लागे. जागा एकच होती आणि अर्ज दोन होते, एक ॲडव्होकेट राजपूतांचा आणि दुसरा माझा.

"माझी सनद लावलीय ना, साहेब. सात वर्षं आणि दोन महिने झालेत."

"सनद म्हणजे परवाना. परवाना काढला म्हणून माणसाने गाडी चालवली असं होतं का? महिला उमेदवाराला सात वर्षांची प्रत्यक्ष वकिली लागते. पुरुषाला दहा. तुम्हाला तीन वर्षं सूट आहे, पण सात तरी दाखवा की!"

मी रोजनाम्याच्या नकला पुढे केल्या. कोर्टात रोज काय घडलं याची नोंद रोजनाम्यात असते. त्यांनी चष्मा वर सरकवून एकेक पान वाचलं.

"'वादीतर्फे वकील हजर.' 'वादीतर्फे वकील हजर. उलटतपास पूर्ण.' 'वादीतर्फे वकिलांचा युक्तिवाद ऐकला.' बरोबर आहे. पण कोण वकील? वकीलपत्र कोणाचं आहे?"

"चिंचोरे सरांचं."

"मग हजर कोण होतं? चिंचोरे."

"उलटतपास मी घेतलाय, साहेब. त्या दिवशी सर कोर्टात नव्हते सुद्धा."

"ते तुम्ही सांगताय. कागद सांगत नाही." त्यांनी अर्ज बंद केला, पण परत दिला नाही. "शुक्रवारी पाचपर्यंत मुदत आहे. चिंचोरे वकिलांचं प्रमाणपत्र आणा. या या प्रकरणांत काम हिने चालवलं, असं त्यांच्या सहीने लिहून घ्या. सोबत त्या प्रकरणांतल्या कागदांच्या नकला लावा. मग मी पुढे पाठवतो."

तो बुधवार होता.

एसटीत खिडकीशी बसून मी त्या अर्जाचे गेले दोन महिने आठवत होते. अर्जावर पाच जणांच्या सह्या लागत. एक दंडाधिकारी, एक बँक मॅनेजर, एक व्यापारी आणि गावातले दोन प्रतिष्ठित रहिवासी. बँकेच्या मॅनेजरांनी मला चार वेळा बोलावलं आणि चारही वेळा विचारलं, "पण मी सही केली तर माझ्यावर काही येणार नाही ना?" कापड दुकानदार लोढाशेठनी सही केली, पण आधी माझ्या वडिलांना दुकानात बोलावून घेतलं. माझे वडील शिंपी. लोढाशेठच्या दुकानातून कापड घेतलेली गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं त्यांच्याकडे येत. "तुमच्या पोरीसाठी करतो बरं का," असं शेठनी चार माणसांत म्हटलं, आणि वडिलांनी हात जोडले. मी तेव्हा दाराशी उभी होते. प्रतिष्ठित म्हणून ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी, "राजपूतही माझ्याकडे येऊन गेले, मला कोणाला दुखवायचं नाही," असं सांगितलं. शेवटी कन्याशाळेच्या मुख्याध्यापिकांनी सही केली, एवढंच नाही तर चहा पाजला. तो चहा मला आजही आठवतो, कारण त्या दोन महिन्यांत मला बसा म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

एवढं करूनही आता कोर्टाच्या कागदांवर माझं नाव नव्हतं.

चिंचोरे सर म्हणजे प्रभाकर चिंचोरे. आमच्या तालुक्यातले दिवाणी दाव्यांचे पहिल्या फळीतले वकील. मी सनद घेतली तेव्हा कोणीही वकील आपल्या ऑफिसात बाईला बसवायला तयार नव्हता. सरांनी पाच मिनिटांत हो म्हटलं. त्यांनी मला दावा लिहायला शिकवला, साक्षीदाराला प्रश्न कधी विचारायचा नाही हे शिकवलं. फक्त वकीलपत्रावर माझं नाव कधी घातलं नाही. पहिल्या वर्षी मी एकदा विचारलं होतं. "दोन नावं दिसली की पक्षकार गोंधळतो, कुंदा. तुझं नाव व्हायचं तेव्हा होईल." त्यानंतर मी विचारलं नाही. कामच इतकं असायचं.

त्या संध्याकाळी मी सरळ सरांच्या घरी गेले. ऑफिस घराच्या पुढच्या खोलीतच होतं. सर आरामखुर्चीत होते. मी बाविस्करांचं बोलणं सांगितलं.

"बघू," सर म्हणाले.

"शुक्रवारी शेवटची तारीख आहे, सर."

"हो ना. बघू म्हटलं की. उद्या नाईकांच्या दाव्याचा जबाब द्यायचाय, तो झाला का?"

"झालाय. सर, प्रमाणपत्र..."

"नोटरी होऊन काय करणार तू?" ते एकदम म्हणाले. "कोर्टाच्या कंपाउंडात पत्र्याखाली टेबल टाकायचं, आणि आला माणूस की शिक्का मार. तुला मी त्यासाठी शिकवलं?"

"माझं टेबल असेल, सर. माझ्या नावाचा शिक्का असेल."

आतून सरांच्या पत्नी, मालतीकाकू, पाणी घेऊन आल्या. त्यांनी पेला सरांच्या हातात न देता तिपाईवर ठेवला, आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. आता जा, असं सांगत होत्या. मी गेले.

गुरुवारी सकाळी मी तालुका कोर्टाच्या अभिलेख कक्षात गेले. तिथले तडवीभाऊ माझ्या ओळखीचे. त्यांना मी बारा प्रकरणांचे नंबर दिले. सगळ्यांत पुरावा मी नोंदवला होता, युक्तिवाद मी केला होता, आणि त्यांतल्या नऊ दाव्यांत आमच्या बाजूने निकाल लागला होता. तडवीभाऊंनी एकेक गठ्ठा सोडून माझ्यापुढे ठेवला. वकीलपत्र, पुरशिस म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, तहकुबीचे अर्ज, साक्षीदारांची यादी. प्रत्येक कागदाच्या खाली उजवीकडे सही होती, प्र. म. चिंचोरे. नावाखाली डावीकडून उजवीकडे जाणारी एक रेघ आणि रेघेच्या टोकाला टिंब.

"साहेबांची सही म्हणजे छापल्यासारखी," तडवीभाऊ म्हणाले. "एवढं वय झालं, पण हात बघा."

मी नकलांचा अर्ज भरला, पैसे भरले, दुपारी तीनला नकला हातात पडल्या. प्रमाणपत्राचा मजकूर मी टाइप करून घेतला, कार्बन घालून दोन प्रती. मग पुन्हा सरांच्या घरी.

या वेळी काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "ये. मी बोललेय त्यांच्याशी." त्या आधी कधी आमच्या कामात बोललेल्या मला आठवत नाहीत.

सरांनी मजकूर वाचला. 'श्रीमती कुंदा भिकन शिंपी या गेली सात वर्षे माझ्या कार्यालयात असून सोबतच्या यादीतील प्रकरणे त्यांनी स्वतः चालविली आहेत.' त्यांनी तो दोनदा वाचला असावा, कारण बराच वेळ लागला.

"यादीत बाराच का? तू चालवलेली तर खूप आहेत."

"बारा पुरे आहेत, सर."

"हं." त्यांनी कागद माझ्याकडे परत दिला. "ठीक आहे. लिहिलंयस ते खरं आहे. कर खाली सही."

"माझी कशाला? तुमची लागते."

"माझीच कर म्हणतोय. आता काय नवीन आहे का?"

हे मला इथे सांगायलाच हवं. चार वर्षांपूर्वी सरांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी चहाच्या कपात तो दिसला, मग अक्षरात. एक दिवस ते सकाळभर एका वकीलपत्राशी झगडत बसले, आणि मग कागद माझ्यापुढे टाकून म्हणाले, "आजच्या दिवस तू कर. पक्षकारांना कळलं तर दुसऱ्या दिवशी फायली परत न्यायला येतील." मी त्यांची सही रोज बघत होते. पहिल्याच प्रयत्नात जमली. तो आजचा दिवस चार वर्षं चालला. तडवीभाऊ ज्याचं कौतुक करत होते तो हात माझा होता. माझ्या पिशवीतल्या बारा नकलांवरच्या बाराही सह्या माझ्या होत्या, आणि त्या माझ्या आहेत असं मी कुठल्याच टेबलावर सांगू शकत नव्हते.

"नाही सर," मी म्हटलं. "ही नाही करणार. माझं काम मी केलं हे सांगणारा कागद आहे. त्याच्याखाली तुमची सही मीच करायची?"

सर चिडले. "इतकी वर्षं केलीस तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही सांगितलं म्हणून केली."

"आताही मीच सांगतोय!"

"अहो," काकू मध्ये पडल्या. "तिचं बरोबर आहे. तुम्ही करा. मी कागद धरते."

काकूंनी फळी आणली. कागद तिच्यावर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट धरला. सरांनी पेन घेतलं. मी बाहेर जाऊन उभी राहिले, कारण त्यांना माझ्यासमोर ते करायचं नसावं असं वाटलं. आतून काही आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळाने काकूंनी हाक मारली. सरांचं कपाळ घामाने ओलं झालं होतं. कागदावर अक्षरं होती. 'प्र' वाचता येत होता, 'चिंचोरे' मधलं अनुस्वाराचं टिंब भलतीकडेच पडलं होतं, आणि खालची रेघ तीन ठिकाणी मोडली होती.

"झालं?" सरांनी विचारलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"झालं, सर," मी म्हटलं. मला खूप बरं वाटलं होतं. कार्बनची दुसरी प्रत मी बिनसहीचीच पिशवीत टाकली.

शुक्रवारी साडेअकराला मी बाविस्करांच्या टेबलाशी होते. त्यांनी साडेतीनपर्यंत बसवून ठेवलं. मग प्रमाणपत्र हातात घेतलं, नकला शेजारी मांडल्या, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय आहे?"

"प्रमाणपत्र. तुम्हीच सांगितलं होतं."

"ते दिसतंय. सही कोणाची?"

"चिंचोरे सरांची."

त्यांनी एक नक्कल उचलून प्रमाणपत्राला चिकटवून धरली, मग दुसरी, मग तिसरी. "या बघा. सगळ्या एकसारख्या. ही बघा. मॅडम, मी सत्तावीस वर्षं कागद बघतोय. घाबरत घाबरत दुसऱ्याची सही मारली की अशी होते."

"साहेब, ही खरी आहे."

"मग या बारा?"

तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. ही खरी आहे, त्या बारा खोट्या आहेत. एवढंच होतं. ते मी बोलले असते तर माझी सनद गेली असती आणि सरांचीही, आणि ते बारा दावेही अडचणीत आले असते. बारा दाव्यांतल्या पक्षकारांनी कोणाचं काय बिघडवलं होतं?

बाविस्कर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "सिनियर सही देत नाही, असं होतं कधी कधी. समजतं मला. मी काही वर लिहून कळवत नाही. पण हा कागद मी घेऊ शकत नाही. पाचपर्यंत मी इथेच आहे. नीट सही असलेला आणा, मी काही विचारणार नाही."

मी खाली कँटीनमध्ये आले. पावणेचार झाले होते. वरुडगावला जाऊन परत यायला तीन तास लागले असते, आणि गेले असते तरी सरांचा हात बदलणार नव्हता. कोपऱ्यातल्या टेबलावर मी ती बिनसहीची प्रत काढली. पेन काढलं. आणि सही केली.

एका दमात झाली. प्र. म. चिंचोरे, खाली रेघ, टोकाला टिंब. कुठे थरथर नाही, कुठे अडखळणं नाही. हा कागद बाविस्करांनी डोळे मिटून घेतला असता. मी त्याच्याकडे बघत बसले. कँटीनचा पोऱ्या चहा ठेवून गेला, तो गार झाला. काल सरांना जे करायला घाम फुटला होता ते मी अर्ध्या मिनिटात केलं होतं, आणि माझं होतं ते चांगलं दिसत होतं. एक तासभर तरी मी तिथे बसले असेन. दोनदा उठले, जिन्यापर्यंत गेले, परत आले.

मग मी तो कागद फाडला. बारीक तुकडे केले. वर गेले आणि बाविस्करांना म्हटलं, "अर्ज मागे घेते."

"अहो, पण अजून दहा मिनिटं..."

"नको. मागे घेते असं लिहून देते."

लिहून दिलं. खाली माझी सही केली. त्या दिवसात तेवढाच एक कागद असा होता की ज्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी सर दिवाणखान्यात माझी वाट बघत बसले होते. काकूही होत्या.

"दिलंस?"

"घेतलं नाही. सही जुळली नाही म्हणाले."

"कशाशी?"

"तुमच्या सह्यांशी."

सरांना समजायला दोन-तीन क्षण लागले. काकूंना त्याआधी समजलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"म्हणजे माझी सही खोटी ठरली," सर म्हणाले.

"हो."

"आणि तुझी खरी."

मला तेव्हा रडू यायला हवं होतं, पण राग आला. सात वर्षांत त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता, तो चढला. "सर, बारा फायलींत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मीच आहे. दावा माझा, उलटतपास माझा, सही सुद्धा माझी. आणि नाव कुठेच नाही! एका वकीलपत्रावर माझं नाव टाकलं असतंत तर तुमचं काय गेलं असतं? एका?"

मी फायलींच्या कपाटाची किल्ली तिपाईवर ठेवली आणि निघून आले. घरी वडील मशीनवर बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मशीन थांबवलं.

शनिवार, रविवार मी घराबाहेर पडले नाही.

सोमवार आमचा बाजाराचा दिवस. खेड्यापाड्यांतून माणसं येतात, म्हणून वकीलही पक्षकारांना सोमवारीच बोलावतात. साडेदहाला काकूंचा निरोप आला, कोर्टात ये. मी जाणार नव्हते. वडील म्हणाले, "काकूंनी बोलावलंय, जा."

कोर्टाच्या व्हरांड्यात चाळीसेक माणसं उभी होती. सगळे आमचे पक्षकार. सर मधे बाकावर बसले होते, शेजारी काकू, आणि काकूंच्या मांडीवर छापील वकीलपत्रांचा गठ्ठा. सर पक्षकारांना सांगत होते, आणि त्यांचा आवाज नेहमीच्या युक्तिवादासारखा ठणठणीत होता.

"चार वर्षं झाली, माझा हात चालत नाही. हे मी तुमच्यापासून लपवलं. तुमचं काम ही चालवते, आणि चांगलं चालवते. आता नवीन वकीलपत्र करायचं, दोघांच्या नावाने. ज्याला मान्य आहे त्याने इथे सही करावी. ज्याला नाही त्याने फाइल घेऊन जावी, मी हरकत घेणार नाही."

नाईकांच्या म्हातारबांनी आधी अंगठा लावला. "आम्हाला काय, बोलत तर हीच होती," ते म्हणाले. त्यांच्यामागे आणखी काही आले. पण बरेच जण हलले नाहीत. एकाने सरांच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फाइल मागितली. मग दुसऱ्याने. दुपारपर्यंत राजपूतांच्या टेबलाशी आमचे बरेच पक्षकार उभे होते.

सरांनी वकीलपत्रांवर स्वतः सही केली. काकू कागद धरत होत्या. एकेका सहीला किती वेळ लागत होता ते व्हरांड्यातले सगळे वकील बघत होते. मग आम्ही आत गेलो. कागद दाखल करून घ्यायला तडवीभाऊच बसले होते. त्यांनी पहिलं वकीलपत्र घेतलं, जुन्या फाइलवरची सही बघितली, आणि अडखळले.

"साहेब... सही जुळत नाही."

"माझ्याकडे बघ," सर म्हणाले. त्यांनी काकूंच्या हातातून पेन घेतलं, शेवटचं, अजून सही न झालेलं वकीलपत्र तडवीभाऊंच्या टेबलावर ठेवलं, आणि त्यांच्यासमोर वाकून सही करायला सुरुवात केली. टेबल हलत होतं. तडवीभाऊंनी न सांगता ते एका हाताने धरलं.

"तुझ्या डोळ्यांसमोर केली ना?" सर सरळ उभे राहत म्हणाले. "मग जुळवायची कशाशी?"

तडवीभाऊ उठून उभे राहिले होते. त्यांनी जुनी फाइल बंद केली.

सर त्यानंतर तीन वर्षं जगले. नोटरीची ती जागा राजपूतांना मिळाली आणि माझ्या पक्षकारांची प्रतिज्ञापत्रं घेऊन मी त्यांच्याच टेबलाशी रांगेत उभी राहत असे. बऱ्याच वर्षांनी दुसरी जागा निघाली तेव्हा मी पुन्हा सगळं केलं, बँक मॅनेजर, व्यापारी, दंडाधिकारी, मुलाखत, आणि तेव्हा माझ्या अर्जाला कोणी काही हरकत घेतली नाही. जुन्या सह्यांचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं.

आमच्याकडे एक्केचाळीस फायली होत्या. त्या सोमवारी नऊ उरल्या. तडवीभाऊंनी ती नऊ वकीलपत्रं एकावर एक ठेवली आणि एकेकावर आवक तारखेचा शिक्का मारला. त्या तारखेपासून माझी सात वर्षं नव्याने मोजली जाऊ लागली.